टेंभा, मिरवणे आणि ‘शो ऑफ’

बढाईचे शब्द इंग्रजीत नेताना बरेच जण सरसकट ‘शो ऑफ’ लिहून मोकळे होतात. पण अशा प्रत्येक शब्दात समोरच्याबद्दल एक मत दडलेलं असतं. ते चुकलं, की भाषांतरात आपण भलत्याच माणसाला नावं ठेवतो. म्हणून शब्द निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : बढाई तोंडाने की वागण्याने? बढाई, फुशारकी मारतात ती तोंडाने. इथे ‘बोस्ट’ किंवा जरा बोलीतला ‘ब्रॅग’ चालेल. आपले सुरतचे गुजराती मित्र याला ‘डंफास’ म्हणतात. ऐट मात्र चालण्यात दिसते. ऐटीत चालणं ‘स्वॅगर’ला जवळचं.

दुसरा : मागे काही खरं आहे का? ‘पोकळ बढाई’त काहीच नसतं. ‘विद्वत्तेचा टेंभा मिरवणे’ यात विद्या असूही शकते, खटकतं ते प्रदर्शन. टेंभा म्हणजे मशाल. पण म्हणून शब्दशः ‘कॅरी अ टॉर्च फॉर’ लिहाल, तर इंग्रजीत त्याचा अर्थ एखाद्यावर एकतर्फी प्रेम करणे असा होतो!

तिसरा : बोलणाऱ्याला ते आवडतंय की खटकतंय? लिंबायत-उधन्यात गणपतीची मिरवणूक निघते. हा शब्द ‘मिरवणे’वरूनच आला, आणि त्यात टीका नाही. ‘आजी नातवाचं बक्षीस सगळीकडे मिरवते’ यात कौतुकच आहे. इथे ‘शोज ऑफ हर ग्रँडसन्स प्राइझ’ शोभतं, कारण काय मिरवलं ते सांगितलंय. नुसतं ‘शी इज अ शो-ऑफ’ म्हटलं, की आजीवरच टीका झाली.

स्पॅनिशमध्येही हाच पेच आहे. ‘प्रेसुमिर’ म्हणजे गृहीत धरणे, तसंच मिरवणेही. सारखा दिसतो म्हणून दर वेळी इंग्रजी ‘प्रिझ्यूम’ लिहिलं, तर मिरवणं हरवतं. ‘आलार्दे’ म्हणजे बडेजाव. तो ‘सैन्याची पाहणी’ या अर्थाच्या अरबी शब्दातून आला. त्याच अरबी शब्दातून फारसीमार्गे आपल्याकडे आला ‘अर्ज’. तिकडे दिमाख, इकडे विनंती! तेव्हा शब्दाचं मूळ जरूर पाहा, पण अर्थ ठरवा वाक्यावरून.

सरावासाठी एक वाक्य : ‘पहिला नंबर आल्यापासून तो फारच भाव खातो.’ तिन्ही प्रश्न लावा आणि ‘शो ऑफ’ न वापरता इंग्रजीत आणा.