मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी ती पुडी दाखवा

“डॉक्टर, काय वाटेल ते करा, पण ऑपरेशन नको. आमच्या गावात एकानं मणक्याचं ऑपरेशन केलं, तो परत उठलाच नाही.” मणक्याच्या सर्जनकडे हे वाक्य ऐकू आलं नाही, असा ओपीडीचा दिवस विरळा. हा ‘गावातला एक’ प्रत्येक तालुक्यात आहे. त्याची गादी सरकली होती, मणक्याचा टीबी होता की गाठ होती, पायातली ताकद ऑपरेशनआधीच गेली होती का, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण त्याच्यापायी निम्म्या तालुक्यानं ऑपरेशनचा धसका घेतलेला असतो.

शरीराची रचना मात्र वेगळंच सांगते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या नसांचा जुडगा उतरतो. कमरेतली गादी बहुतेक वेळा सरकते ती चौथ्या किंवा पाचव्या मणक्याखालची, म्हणजे मज्जारज्जू संपतो त्याच्या बरीच खाली. नसेला इजा, जंतुसंसर्ग, नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपणं, काही जणांत गादी पुन्हा सरकणं, हे धोके खरे आहेत आणि सर्जननं ते आधी सांगायलाच हवेत. पण कमरेच्या साध्या गादीच्या ऑपरेशननं दोन्ही पाय लुळे पडणं फार दुर्मीळ आहे. गोल्फपटू टायगर वूड्सच्या कमरेवर 2014 आणि 2015 मध्ये मिळून तीन ऑपरेशनं झाली, 2017 मध्ये मणके जोडावे लागले आणि 2019 मध्ये त्यानं मास्टर्स स्पर्धा जिंकली. पुढे त्याला पुन्हा टेबलावर जावं लागलं, हेही तितकंच खरं.

या धसक्याचं खरं नुकसान ऑपरेशन टाळत घालवलेल्या मधल्या काळात होतं.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. वय पन्नाशीच्या पुढे. ‘मणक्यात गॅप’ म्हणून दीड वर्ष हिंडत होते. चालता चालता डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते ध्यानात यायचं. “सगळं करून झालं,” म्हणत त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. एमआरआयच्या तीन फिल्म, मळलेला कमरेचा पट्टा, तेलाच्या बाटल्या आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधलेल्या तपकिरी पुड्या. “काका, ही पुडी कसली?” डॉक्टरांनी विचारलं. “जडीबुटीची.” पत्नीनं भर घातली, “पुडी घेतली की हे दोन दिवस फवारणीसुद्धा करतात. तिसऱ्या दिवशी परत तेच.” चेहरा सुजून गोल झाला होता, जरा लागलं तरी हातावर काळेनिळे डाग उमटत होते आणि कधी नव्हे ती शुगर तीनशेच्या घरात पोचली होती. पायातली ताकद आणखी घटत नव्हती म्हणून बरं, कारण ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलावं लागलं.

असल्या ‘जडीबुटी’त स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या अनेकदा सापडल्या आहेत. दोन दिवसांचा चमत्कार त्यांचाच. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अशा माणसानं पुडी एकदम बंद केली आणि तसाच तो टेबलावर गेला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. शिवाय जखम भरायला वेळ लागतो, हाडं ठिसूळ होतात. म्हणून पुडी लपवू नये आणि आपल्या मनानं बंदही करू नये. ती भूलतज्ज्ञांपुढे ठेवावी. ते रागावतील, पण त्यांना कळलं तर हा धोका औषधांनी सांभाळता येतो. मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या पट्ट्यांचा हिशेबही तिथेच द्यावा, कारण मूत्रपिंडानं तो ठेवलेलाच असतो.

धीर धरण्यात मात्र काही चूक नाही. सरकलेल्या गादीचा त्रास बऱ्याच जणांचा ऑपरेशनशिवाय ओसरतो. नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरलं, निम्म्यांना थांबवून उपचार दिले. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतल्या 95 टक्के लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही आठवडे नेमानं व्यायाम, योग्य औषधं, गरज पडल्यास नसेजवळचं इंजेक्शन, एवढं झालं असेल तर ‘करून झालं’ म्हणावं. यूट्यूब बघून कंबर मोडणं किंवा मणका ‘बसवणाऱ्या’कडून पाठीवर गुडघा रोवून घेणं त्यात धरायचं नाही.

ऑपरेशन नुसती फिल्म बघून ठरवायचं नसतं, हेही लक्षात घ्यावं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या 96 टक्क्यांच्या. कळ ज्या नसेच्या वाटेनं पायात उतरते तीच नस फिल्मवर दबलेली दिसायला हवी. ते जुळत नसेल तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्यावं.

ऑपरेशन ठरलं की बरेच जण अंथरूण धरतात, तारखेपर्यंत पूर्ण आराम! याच्याइतकी उलटी तयारी दुसरी नाही. दुखणं सोसेल तितकं, थोडं थोडं का होईना, रोज चालावं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधारानं उठायची सवय आधीच करावी, म्हणजे टाके असताना ती नव्यानं शिकावी लागत नाही. घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवावी. रोजचे डबे, भांडी कमरेच्या उंचीवर घ्यावीत आणि पाण्याचा हंडा कोण उचलणार, ते आधीच ठरवावं.

तंबाखूचा विषय निघाला की काका छातीठोक सांगतात, “सिगरेटला हात लावत नाही.” खिशात चुन्याची डबी असते. काकूंची मिश्री तर कुणी मोजतच नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तो बंद झालेला नाही. निकोटिन धुरातून येवो की हिरडीतून, त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते, आणि स्क्रू घालून मणके जोडायचे असतील तर हाड नीट जुळत नाही. निदान चार आठवडे आधी हे सगळं सोडावं आणि नंतरही लांब राहावं.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी साधारण आठच्या खाली आणायचा प्रयत्न असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या निदान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, म्हणून सगळ्या औषधांची यादी सोबत हवी. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, विशेषतः हृदयात स्टेंट असेल, तर ते कधी थांबवायचं हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील. शेजाऱ्यांनी त्यात पडू नये. किडलेला दात, लघवीची जळजळ, पाठीवरची पुटकुळी लपवू नये. आणि आदल्या रात्री उत्साहानं घरीच पाठीवर वस्तरा फिरवू नये. त्यानं पडलेल्या बारीक कापांतून जंतू शिरतात.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्यावी. नसेवरचा दाब काढला की पायाची कळ बहुधा लवकर जाते. बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो आणि जुनी कंबरदुखी पूर्ण जाईल, असं वचन कुणी देत असेल तर सावध राहावं. 

तारीख मिळाल्यावरही काही लक्षणांना थांबायला सांगता येत नाही. लघवी तुंबली किंवा होतेय ते कळेना, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी आणि जांघेत बधिरपणा आला, किंवा पायाचा पंजा उचलेनासा झाला, तर तारीख पुढच्या बुधवारची असली तरी त्याच रात्री मणक्याचा सर्जन आणि एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. निघताना सर्जनना फोन करावा आणि तपासणी होईपर्यंत पोटात काही घेऊ नये.