‘कम्फर्ट’ : आराम की बळ?



‘कम्फर्ट’ हा शब्द आपण रोज ऐकतो. बूट कम्फर्टेबल आहेत, गादी कम्फर्टेबल नाही, आणि भाषणात तर हमखास सल्ला मिळतो, ‘कम्फर्ट झोन’मधून बाहेर पडा! त्यामुळे कम्फर्ट म्हणजे सैनिकाने चार हात दूर ठेवावी अशी गोष्ट, असे वाटू लागते. वर्गात इंग्रजी शिकवताना मी या शब्दाचे मूळ फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले चकित होतात.

लॅटिन भाषेत ‘फोर्टिस’ म्हणजे बलवान. त्याच्या आधी अर्थाला जोर देणारा उपसर्ग लागून क्रियापद तयार झाले, त्याचा अर्थ ‘खूप बळकट करणे’. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तोही हाच अर्थ घेऊन. फोर्ट म्हणजे किल्ला, फोर्स म्हणजे बळ, एफर्ट म्हणजे प्रयत्न, फॉर्टिट्यूड म्हणजे धैर्य. हे सगळे कम्फर्टचे सख्खे भाऊबंद आहेत.

जुना अर्थ कायद्याने जपून ठेवला आहे. इंग्लंडच्या १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात शत्रूला मदत आणि ‘कम्फर्ट’ देणे हा गुन्हा ठरवला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतही देशद्रोहाच्या व्याख्येत हा शब्द आहे. शत्रूला मऊ उशी देणे असा त्याचा अर्थ नाही. त्याचे बळ वाढवणे, असा आहे.

पुढे अर्थ सरकत गेला. आधी बळ देणे, मग खचलेल्या मनाला उभारी देणे, आणि शेवटी शरीराचे सुख. मराठीत मधल्या अर्थाला नेमका शब्द आहे, ‘धीर देणे’. धीर देणारा आपले काम स्वतः करून टाकत नाही. ते करण्याची ताकद आपल्यात जागवतो.

आपल्या परेडमध्येही हे दिसते. ‘विश्राम’ म्हटल्यावर कोणी खाली बसत नाही. पाय ठरल्या अंतरावर, हात मागे, आणि कान पुढच्या ‘सावधान’कडे. ती विश्रांती पुढच्या हुकमासाठीच असते.

यंदा एका रात्री मी डॉर्मिटरीत फेरी मारत होतो. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होते. सहावीतल्या नव्या कॅडेटला चादरीचे कोपरे जमेनात आणि डोळे भरून आले होते. नववीतला एक मुलगा आला. त्याने एक कोपरा करून दाखवला, तो उलगडला आणि म्हणाला, “आता तू कर.” चौथ्या खेपेला जमले. जुन्या अर्थाचा कम्फर्ट तो हाच.

पालकांनाही एक विनंती. फोनवर मुलाचा आवाज जड झाला, की “परत ये” किंवा “रडतोस काय?” ही दोन्ही उत्तरे चटकन तोंडात येतात. त्याऐवजी आधी पूर्ण ऐकून घ्या. तब्येतीची किंवा त्रासाची बाब असेल, तर लगेच हाउसमास्तरांना कळवा. नुसती घरची आठवण असेल, तर “आम्ही आहोत, उद्याचा दिवस काढ” एवढे म्हणा. पुष्कळदा तेवढे पुरते.

स्वाध्याय : १. ‘फॉर्टिफाय’ आणि ‘एन्फोर्स’ या शब्दांत ‘फोर्टिस’ कुठे दिसतो ते शोधा. २. या आठवड्यात तुम्ही कोणाला धीर दिलात, ते पाच वाक्यांत लिहा.