मेळघाटच्या हिवात गाडीतला मुक्काम

अंथरूण, चूल, पाण्याची टाकी आणि दिव्यापंख्याची सोय केलेल्या गाडीतच रात्र काढायची, हा कॅम्परव्हॅनचा प्रकार कोरड्या वाळवंटांत चांगला रुळला आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवती दर हिवाळ्यात अशा हजारो गाड्यांचा तळ पडतो. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि आता कधीमधी अशी एखादी भाड्याची गाडी परतवाड्याचा घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीपर्यंतही येते. गाडीसोबत सल्लाही येतो, पण तो बहुधा वाळवंटात तयार झालेला असतो: खिडक्या घट्ट लावा, फटी बुजवा, ऊब आत कोंडून ठेवा. मेळघाटात हा सल्ला जसाच्या तसा पाळला की पहाटे गादी ओली आणि डोके जड.

दोन्हीकडच्या हवेत एक साम्य आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि दिवस मावळला की जमीन आपली ऊब झपाट्याने टाकून देते. इथून पुढे फरक सुरू होतो. वाळवंटात हवा कोरडी असते. मेळघाटात सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्यांच्या डोहांत तेव्हा पाणी असते, साग अजून पुरता उघडा झालेला नसतो आणि शेतांत गहू-हरभऱ्याला ओलीत चालू असते. त्यामुळे रात्र थंड होते तशीच ती दमटही होते. शिवाय गार हवा जड असल्याने उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. चिखलदरा 1,118 मीटर उंचीवर म्हणून तिथेच काय ती थंडी, असे बाहेरून येणारा धरून चालतो. प्रत्यक्षात वारा पडलेल्या रात्री नदीकाठची सखल जागा तिच्या शेजारच्या टेकाडापेक्षा जास्त गारठते. धारणीच्या बाजूला हे सांगायला हवामानशास्त्र लागत नाही. प्रस्तुत लेखकाने एका डिसेंबरात सिपनेकाठच्या एका सपाट जागेवर गाडी लावली, तेव्हा हरभऱ्याच्या जागलीला निघालेला एक शेतकरी थांबून म्हणाला होता, "भाऊ, इथं नका लावू. रातच्याले हिव नदीतच बसते." जागा देखणी होती, म्हणून ऐकले नाही.

त्या रात्रीचा अनुभव इथे उदाहरण म्हणून घेता येतो, कारण त्यात होण्यासारख्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी झाल्या. गाडी बारा आसनी ट्रॅव्हलर, आतून प्लायवूड मारलेली, माणसे चार. संध्याकाळी आतच गॅसवर खिचडी आणि चहा झाला. मग सगळ्या काचा चढवल्या, फटींत टॉवेल कोंबले. दहाच्या सुमारास छताच्या उघड्या पत्र्यावर हात फिरवला तर बोटे ओली झाली. बारानंतर थेंब ठिबकू लागले. पहाटे चारला पायाकडची दुलई इतकी दमट झाली होती की पांघरण्यापेक्षा न पांघरलेली बरी. बाहेर दव होतेच, पण आतले पाणी बाहेरून आलेले नव्हते.

त्याचा हिशेब सोपा आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून मिळून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत जाते. चार माणसांचे झाले लिटरभर. गॅस जळतो तेव्हाही पाणीच तयार होते. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त. ही वाफ गार पत्र्याला लागली की तिचे पुन्हा पाणी होते. वाळवंटातल्या कोरड्या हवेत ते काही अंशी निभावते, खोऱ्यात निभावत नाही. म्हणून स्वयंपाक बाहेर करावा, आणि झोपताना समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. थोडी थंडी आत येते हे खरे. पण कोरड्या दुलईत दहा अंश सोसतात. ओल्या दुलईत पंधराही सोसत नाहीत. गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट असावी, म्हणजे खालून हवा खेळते. थेट पत्र्यावर किंवा प्लायवूडवर टाकलेली फोमची गादी काही दिवसांत खालून काळी पडलेली आढळते.

याहून गंभीर बाब शेगडीची. इथल्या कोरकू आदिवासींच्या घरात रात्रभर विस्तव धुमसत असतो आणि माणसे त्याच्याभोवती झोपतात, हे पाहून पाहुण्याला वाटते की गाडीत घमेलेभर निखारे ठेवायला काय हरकत आहे. हरकत घराच्या बांधणीत आहे. बांबूच्या कुडाला माती लिंपलेली असते, वर कवेलू, आणि कवेलूंच्या शेकडो फटींतून धूर सतत बाहेर जात असतो. काचा लावलेल्या पत्र्याच्या गाडीला तशी एकही फट नसते. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात. डोके दुखणे, मळमळ, पाय जड होणे ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला ती कळण्याआधीच शुद्ध हरपते. वर सांगितलेल्या रात्री दोन वाजता पाऊण तास शेगडी आत घेतली गेली. चौघांतला एकजण लघवीला उठला, दारातच धडपडला, आणि दार उघडे राहिले म्हणून बाकीचे सकाळी फक्त डोकेदुखीवर सुटले. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर किंवा उभ्या गाडीचे चालू इंजिन, यांतले काहीही झोपेच्या वेळी आत नको. या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो. भाड्याच्या गाडीत तो नसेल तर स्वतःचा न्यावा, आणि असला तरी आत विस्तव नेऊ नये. उबेसाठी रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावे. घोंगडी पांघरायच्या आधी एक अंगाखाली घालावी. थंडी वरून जितकी येते त्याहून जास्त खालून येते, हे गाडीत झोपणाऱ्याला पहिल्याच रात्री कळते.

गॅसबद्दल आणखी एक. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी, म्हणजे झोपणाऱ्याच्या नाकाच्या पातळीला साचतो. पाच किलोची छोटी टाकी असली तरी रात्री ती बाहेर, रेग्युलेटर काढून ठेवावी.

विजेचे गणित बहुतेकांचे चुकते. डिसेंबरात धारणीला दिवस पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि उजाडायला पावणेसात होतात. रात्र तेरा तासांची. खोऱ्यात ऊन मावळतीच्याही आधीच डोंगराआड गेलेले असते. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 45 अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून छतावर आडव्या टाकलेल्या सौर पट्टीला तिरपे ऊन मिळते, आणि सागाची सावली पडली तर तेही नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची साधी लेड-ॲसिड बॅटरी कागदावर 1,200 वॉट-तास देते. ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणजे हाताशी 600. छोटा फ्रीज, दोन दिवे आणि चार मोबाइल यांत ते संपतात. भाड्याच्या गाडीत दिवे-फ्रीजची बॅटरी आणि इंजिनाची बॅटरी वेगळी असल्याचे सांगितले जाते. त्या खरोखर वेगळ्या जोडल्या आहेत का, हे गाडी ताब्यात घेतानाच आतले दिवे लावून, तारा दाखवून घेऊन पाहावे. वरच्या उदाहरणात दोन बॅटऱ्या होत्या, पण एकमेकींशी जोडलेल्या; सकाळी दोन्ही बसल्या आणि मालकाचा फोन लागेना. शेवटी गाडी एका ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली. मेळघाटात मोबाइलला कुठे रेंज असते, कुठे नसते. गाडी बंद पडायला ती नसलेलीच जागा सापडते.

मुक्काम कुठे करावा हा प्रश्न कायद्याचाही आहे. मेळघाट हा 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ ठिकाणांत निवडला गेलेला प्रदेश आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश आणि मुक्काम चालत नाही, आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. रस्त्याकडेला रुंद जागा दिसली की रात्र काढायची, ही वाळवंटातली मोकळीक इथे नाही. सेमाडोह, कोलकास, शहानूर इथल्या वनविभागाच्या संकुलांत आगाऊ नोंदणी करून राहावे आणि गाडीत झोपता येईल का ते आधीच विचारावे. नाहीतर प्रकल्पाबाहेरच्या गावात, धारणीच्या बाजूला, एखाद्याच्या खळ्यात किंवा ढाब्याच्या आवारात मालकाला विचारून थांबावे.

शेतात थांबताना दोन गोष्टी शहरी माणसाच्या ध्यानात येत नाहीत. शेतीची वीज पुष्कळदा रात्रपाळीने मिळते. बारा वाजता मोटार सुरू होते आणि शेजारच्या बांधावरून फुटलेले पाणी गाडीखाली येते. काळ्या मातीत ओलावा मुरला की दोन टनांची गाडी जागेवरच रुतते. दुसरी गोष्ट जिवावरची. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा करंट सोडलेला असतो. अंधारात लोटा घेऊन बांधापलीकडे जाण्याची सवय म्हणूनच सोडावी आणि मालकाकडून शौचाची जागा उजेडीच दाखवून घ्यावी. जागलीवरच्या माणसाला आपण इथे झोपलो आहोत हे सांगून ठेवावे. त्याच्या हाळ्या रात्रभर ऐकू येतात. त्याने झोपमोड होते, पण सोबतही होते.

एवढे सगळे सांभाळून हा मुक्काम करावा का? डिसेंबर आणि जानेवारीचा पूर्वार्ध असेल तर जरूर करावा. डास नसतात, साप क्वचित दिसतात, रात्री नऊला मृग नक्षत्र पूर्वेला चांगले वर आलेले असते आणि आकाशात शहराच्या उजेडाचा मागमूस नसतो. मेळघाटचा खवा ताजा मिळतो. दुपारी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून वांग्याच्या भाजीशी खावेत, तर त्यासाठी हाच काळ; मात्र आर गावच्या खळ्यात, झाडपाल्यापासून दूर, आणि शेवटी पाणी ओतून विझवलेला. फेब्रुवारीपासून सागाचा पाला वाळून जमिनीवर पसरतो आणि वणव्याचा हंगाम लागतो, तेव्हा तेही नको. गारपिटीचीही धास्ती तेव्हाच असते.

सकाळी घाई करू नये. ऊन अंगणात आल्यावर आठ-साडेआठला गाद्या, दुलया बाहेर टाकाव्यात, सगळी दारे तासभर उघडी ठेवावीत; ही एक गोष्ट केली तर पुढची रात्र कोरडी जाते. पहाटे चाकांतली हवा दुपारपेक्षा दोन-तीन पौंडांनी कमी दाखवते, ती गळती समजून लगेच भरायला जाऊ नये. कचरा आणि शौचाची टाकी नदीत रिकामी करायची नाही, धारणीला किंवा परतवाड्याला योग्य जागी न्यायची. या दोन गावांदरम्यान डिझेलचा भरवसा न धरता टाकी आधीच भरलेली असावी. आणि किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. इंजिनाच्या उबेला रात्री उंदीर येतात, वायर कुरतडतात आणि कधी गवताची गादी करून तिथेच झोपलेले असतात.