चौकशी सातव्या महिन्यापासून

चि. समीरास,


पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्या दोन्ही घरांत ठरलेलंच दिसतं. त्याला माझी हरकत नाही. पण डोहाळजेवण झालं, बायकोला पोचवून आलो, आता एकदम बारशाला जाऊ, असा बेत मनात असेल तर तो बदल. तिच्या मनाची चौकशी बाळ झाल्यावर नव्हे, आत्ता सातव्या महिन्यापासून व्हायला हवी आणि ती तू करायला हवीस.

असं का म्हणते ते सांगते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात २७० बायकांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना त्यांतल्या २३ टक्के जणी नैराश्यात होत्या, आणि त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे बहुतेकींचं दुखणं आधीचंच होतं; ते कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. त्यामागे काय आढळलं? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि घरात एक मुलगी असताना पुन्हा मुलगी होणं. यातलं काहीच डिंकाच्या लाडवांनी सुटत नाही. नवऱ्याच्या वागण्याने मात्र बरंच सुटतं, निदान बिघडायचं थांबतं.

तुझी आई म्हणेल, घर माणसांनी भरलेलं आहे, आपल्याकडे असलं काही होत नाही. गोव्यातल्या त्या बायकाही काही रानात राहत नव्हत्या. भरल्या घरात सगळे बाळाकडे बघतात. दूध पुरतं का, शी झाली का, टाळू भरली का! बाळंतिणीला विचारलं जातं तेही दुधापुरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला उगाच रडू येईल, ते बहुतेक जणींना येतं आणि पंधरवड्यात ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, तर मात्र ‘होतं असं’ म्हणून सोडू नकोस. एडिंबरोत १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, असे प्रश्न. शेवटचा, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. तुला प्रश्नावली नको, रोज फोनवर एवढंच विचार: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? बाळ शांत झोपलंय आणि ही टक्क जागी, हे बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं.

नैराश्यावरचं औषध दुधातून बाळाला जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. पण सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फारच थोडं उतरतं, आणि आजार तसाच ठेवणंही बाळाला सोसत नाही. गोव्यातच अशा आयांची बाळं सहा महिन्यांना वाढीत मागे पडलेली दिसली. शिवाय प्रत्येकीला गोळी लागतेच असं नाही. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना शिकवून घरोघर बोलायला पाठवलं, तेव्हा आधी नैराश्यात असलेल्या तिथल्या बायकांपैकी सहा महिन्यांनी २३ टक्केच तशा उरल्या. जिथे हे शिक्षण दिलं नव्हतं तिथे ५३ टक्के.

आता तुझं. बापांतही शंभरातले दहाएक या काळात नैराश्यात जातात, आणि ते बहुधा चिडचिड करतात किंवा ऑफिसात उशिरापर्यंत बसतात. पुरुषाने असलं बोलू नये हे तुला कुणी शिकवलं असेल, तर विसर.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. बाळंतपणानंतर तिची झोप पार उडाली, ती भलतंच बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर कुणी बाहेरची बाधा म्हणेल. तू ऐकू नकोस. बाळाला घरातल्या जाणत्या माणसाकडे दे आणि त्याच दिवशी तिला इस्पितळात ने. हजारात एखाद-दुसरीला होतं, पण उपचाराने बरं होतं. एरवी सल्ल्याला सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो तिच्या आईलाही देऊन ठेव, आणि तिकडच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीला तू स्वतः भेट.

तुझी,
आत्या