परदेशात डॉक्टर : पदवी, परवाना आणि नोकरी



आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली आता एमबीबीएस होऊ लागली आहेत. पण निकाल लागला की पाठोपाठ घरी फोन सुरू होतात. "ताईला लंडनला लावून देतो, परवाना आम्ही काढतो, तुम्ही फक्त पैसे भरा." आई-वडील भांबावतात. दागिने मोडायचे की पतपेढीचं कर्ज काढायचं, इथपर्यंत बोलणं जातं. म्हणून या वेळी ब्रिटनचं उदाहरण घेऊन हा रस्ता नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट पक्की करा. पदवी विद्यापीठ देतं, परवाना त्या देशाचं कौन्सिल देतं आणि नोकरी रुग्णालय देतं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट एजंटच्या हातात नसते.

परवाना कसा मिळतो?

आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये होते. ब्रिटनमध्ये हे काम जनरल मेडिकल कौन्सिल करतं. एके काळी भारतातल्या अनेक पदव्या तिथे थेट चालत. १९७५ मध्ये ही मान्यता काढून घेण्यात आली आणि परीक्षा आली. आज तिला 'प्लॅब' म्हणतात. साधारण टप्पे असे :

१. इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस दिली तर एकूण ७.५ आणि वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या प्रत्येकात किमान ७ गुण लागतात.

२. प्लॅबचा पहिला भाग. तीन तासांत १८० प्रश्न. ही परीक्षा भारतातही देता येते.

३. दुसरा भाग. हा फक्त मँचेस्टरला होतो. १६ टेबलं, प्रत्येक ठिकाणी आठ मिनिटं. समोर रुग्णाची भूमिका करणारी माणसं बसलेली असतात. त्यांना विचारायचं, तपासायचं, समजावून सांगायचं. नुसतं पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. रुग्णाशी माणसासारखं बोलता येतं का, तेही पाहतात. नर्स म्हणून मला हा भाग फार पटतो. फी हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या घरात जाते. विमान, व्हिसा आणि राहणं वेगळं.

४. पदवीची पडताळणी. कागद खरे आहेत का, हे थेट कॉलेजकडून तपासून घेतलं जातं. पूर्ण नोंदणीसाठी इंटर्नशिपही झालेली लागते.

हाच नियम आपल्या देशातही आहे. रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानात एमबीबीएस करून आलेल्या मुलांना इथे एफएमजीई परीक्षा द्यावी लागते. ३०० गुणांपैकी १५० मिळाल्याशिवाय पुढची वाट खुली होत नाही. पाच-सहा वर्षांची फी भरण्याआधी हे घरात बोललं गेलं पाहिजे.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली का?

नाही. तिथली सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, १९४८ साली सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडले की बाहेरच्यांना बोलावत आली. भारत-पाकिस्तानातून गेलेल्या अनेक डॉक्टरांच्या वाट्याला वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे विभाग, वेल्समधली खाणकामगारांची गावं आली. स्थानिक डॉक्टर जिथे जायला नाखूश होते, तिथे यांनी सेवा उभी केली. आता वारं बदललं आहे. जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत ब्रिटिश सरकारने प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचं आणि परदेशी भरती कमी करण्याचं ठरवलं. प्लॅब पास होऊनही महिनोन् महिने अर्ज करत बसलेले डॉक्टर आज आहेत.

गेल्यावरही सगळं सरळ नसतं. रुग्णालयांकडून कौन्सिलकडे तक्रार जाण्याचं प्रमाण परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत तिथे शिकलेल्यांच्या सुमारे तिप्पट असल्याचं कौन्सिलनेच मान्य केलं आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या संघटनेचं सभासद व्हावं आणि प्रत्येक गोष्ट लेखी ठेवावी.

पैसे कोणाला द्यायचे?

परीक्षेची फी उमेदवाराने स्वतः थेट कौन्सिलकडे भरायची. एनएचएसच्या जागा त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर होतात, अर्जाला पैसे पडत नाहीत. नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनच्या १९७३ च्या कायद्याने एजन्सीला बंदी आहे. आपली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती परदेशी विद्यापीठात शिकण्यासाठी. प्लॅबच्या खर्चासाठी तिच्यावर विसंबू नका.

आणखी एक बाजू

गरीब देशांतले डॉक्टर श्रीमंत देशांनी ओढून नेऊ नयेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आचारसंहिता केली. २०२३ च्या यादीत मनुष्यबळाची फार टंचाई असलेले ५५ देश आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेश त्यात आहेत, भारत नाही. तरी आपल्या ग्रामीण रुग्णालयातली डॉक्टरची रिकामी खुर्ची आपण सारेच पाहतो. मुलीने जावं की राहावं, हा निर्णय तिचा. तो माहिती घेऊन व्हावा, एवढंच आपल्या हातात आहे.

एजंट आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. परवाना कोण देणार? नोकरी कोणत्या रुग्णालयात, पत्र कुठे आहे? पैसे कशाचे, पावती कोणाच्या नावाची? तिन्हींची लेखी उत्तरं मिळेपर्यंत दागिने कपाटातच राहू द्या.