चिमणराव, सीडीवर याल का?

निवृत्तीनंतर कुणी नारळी-पोफळीच्या वाडीत रमतं, कुणी नर्मदा परिक्रमेला जातं, कुणी ग्रामपंचायतीशी भांडतं. मी पत्रं लिहिते. ‘चिमणराव’ ही मालिका घरी बसून पाहता येईल अशा स्वरूपात काढा हो, एवढाच मजकूर. घरच्यांनी याला आधी हट्ट म्हटलं, मग छंद. आता मी सुरुवात केली की ते विषय बदलतात. अजून हाती काही आलेलं नाही. पण या रिकामटेकड्या उद्योगात काही गोष्टी कळल्या, त्या सांगते.

१. आपण मागतोय ते जगात शिल्लक आहे का, हे कुणी आधी विचारतच नाही. मीही गृहीत धरलं होतं की कुठल्या तरी कपाटात सगळं नीट लावून ठेवलेलं असणार. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ही मालिका लागायची. चिं. वि. जोशींच्या कथा, विजया धुमाळे यांची निर्मिती, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आज तिचे मोजकेच भाग उरलेत. टेप महाग असायची, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरायची. दाखवून झालेला कार्यक्रम म्हणजे कालचं वर्तमानपत्र. हे कळलं तेव्हा मी संतापले. मग आठवलं, आमच्याच घरी वडिलांचा आवाज असलेल्या कॅसेटवर भावाने ‘कयामत से कयामत तक’ची गाणी भरून घेतली होती, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती आवडीने ऐकली होती.

बीबीसीनेही हेच केलं, हे वाचून जरा बरं वाटलं. (दुसऱ्याकडेही तेच घडलंय म्हटल्यावर बरं वाटतं, हा काही चांगला गुण नव्हे.) ‘डॅड्स आर्मी’सारख्या लाडक्या विनोदी मालिकेचे काही भाग तिथे पुसले गेले. त्यांतले दोन २००१ मध्ये परत मिळाले, कारण कुणीतरी कचऱ्यात निघालेले फिल्मचे डबे उचलून बागेतल्या शेडमध्ये ठेवले होते. अमेरिकेतली १९५१ ची ‘आय लव्ह लूसी’ मात्र टिकली. तीत काम करणाऱ्या नवराबायकोला त्यासाठी हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मालिका फिल्मवर चित्रित केली. पुढच्या पिढ्यांसाठी वगैरे काही नाही, बिऱ्हाड हलवायचा कंटाळा!

२. ‘कुणाकडे तरी रेकॉर्डिंग असेलच’ हे वाक्य आमच्या किनाऱ्यावर फार काळ तग धरत नाही. एक तर तेव्हा अलिबाग-रेवदंड्याकडे टीव्ही असलेली घरंच बोटांवर मोजण्याइतकी, व्हीसीआर कुठून येणार? अँटेना मुंबईकडे तोंड करून उभी, मधे नुसता समुद्र. वारा फिरला की चिमणरावांच्या तोंडावर मुंग्या. पुढे व्हीसीआर आले, लोकांनी लग्नं, मुंजी, नाटकं भरून ठेवली, आणि आमच्या दमट हवेने त्या कॅसेटींना पांढरी बुरशी आणली. ज्या उरल्या त्यांच्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या ओळखीच्या एका घरात पत्रे उडाले आणि माळ्यावरची कॅसेटींची ट्रंक पावसाने काठोकाठ भरली. त्या घरातल्या काकू मला म्हणाल्या, “अगो, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, तू कॅसेटी काय विचारतेस?” मी गप्प बसले. नंतर हळूच विचारलंच, लेबलावर काय लिहिलं होतं.

३. कथा मोकळी होते, पण तिची मालिका मोकळी होत नाही. हे मला कायद्याच्या पुस्तकाने शिकवलं, आणि ते वाचताना मी अगदी गुंड्याभाऊच्या आवेशात होते. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी हयातीत छापलेल्या चिमणरावाच्या गोष्टी कुणीही छापाव्यात, कुणीही नव्याने रंगवाव्यात. पण कायद्याच्या लेखी व्हिडिओ टेप म्हणजे चित्रपट, आणि त्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. १९७७ ची टेप २०३७ संपेपर्यंत हक्काखाली. म्हणजे चिमणराव मोकळे, पण प्रभावळकरांचे चिमणराव नाहीत! तोवर माझे डोळे कितपत साथ देतील, हा हिशेब मी घातलेला नाही.

४. भावना कमी आणि तपशील जास्त असेल तर समोरचा माणूस ऐकतो. माझ्या सुरुवातीच्या पत्रांत वडील होते, शेजाऱ्यांची गर्दी होती, ओटीवर पसरलेली सतरंजी होती. मागणी शेवटच्या ओळीत अंग चोरून उभी. पुढे एका ठिकाणी फोनवर एका बाईंनी फार सौजन्याने विचारलं, “मॅडम, कुठला भाग? साल? नाव?” मला एकाही भागाचं नाव सांगता येईना. आता मी कथांची पुस्तकं काढून यादी करत बसले आहे.

५. भाचा म्हणतो, “मावशी, डीव्हीडी काढली तरी लावणार कशावर?” प्रश्न रास्त आहे. आमचा प्लेअर केव्हाच भंगारवाल्याकडे गेला आणि भाच्याच्या लॅपटॉपला तर चकती घालायला फटच नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिकांसाठी डीडी रेट्रो वाहिनी काढली, २०२४ मध्ये प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ओटीटी आलं. मग चकतीचा हट्ट कशाला? पुष्कळ विचार करून सापडलेलं उत्तर फारसं उदात्त नाही. मला ती फडताळात हवी आहे. दुसऱ्याने लावली तर दिसणार, काढली तर जाणार, असं पाहुण्यासारखं येणंजाणं नको. खाऱ्या हवेत चकतीही डागाळते हे माहीत असूनही नको.

६. आठवणीतली मालिका ही निराळीच मालिका असते. उरलेल्यांपैकी एक भाग अखेर पाहायला मिळाला. गोष्ट फार निवांत चालते, आजच्या डोळ्यांना थांबल्यासारखीच. मला पाठ असलेला एक प्रसंग त्यात नव्हता. मी चुलतबहिणीला फोन केला. ती म्हणाली, तो प्रसंग तुझ्या बाबांनी घडवला होता, लाइट गेल्यावर, चिमणरावांची नक्कल करून. मी भांडले. अजून मी तिचं मान्य केलेलं नाही. पण त्या सावकाश भागात प्रभावळकर बावचळतात आणि कर्वे मिशीआडून त्यांना सावरायला निघतात, तिथे मी एकटीच मोठ्याने हसले. २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, तेव्हा पुन्हा तोच भाग लावला.

७. प्रत्येक पिढीचं मागणं वेगळं. सुनेला चिमणराव ठाऊक नाहीत. तिला ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हवं, तेही सगळं, सलग. पुन्हा प्रभावळकरच, पण आता आजोबा! तिने मला तिच्या वतीनेही एक पत्र लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, आधी भागांची नावं आण.