आरशाआधी वही

कोल्हापूर

चि. सुजय यास,


जिम लावल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. बरं केलंस. पण महिनाभरात आरशात काही दिसलं नाही म्हणून घरी बसलेली पोरं मी ढिगानं पाहिली आहेत, म्हणून चार गोष्टी लिहितो.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढते, ती दंड भरल्यामुळे नव्हे. आहेत त्या स्नायूंना कामाला कसं जुंपायचं, हे मेंदू आणि नसा शिकतात. स्नायू मागाहून भरतात. तोवर आरशाला काही विचारू नकोस. एक शंभर पानी वही घे आणि कोणता व्यायाम, किती किलो, किती रेप्स एवढंच लिहीत जा. प्रगती आधी तिथं दिसते.

आठवड्यातून तीनच दिवस जा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, शोल्डर प्रेस, रोइंग; एवढ्यात सगळं अंग येतं. आधी नुसता रॉड उचल, मोठा रॉडच 20 किलोचा असतो. तोही जड वाटला तर डंबेल्स घे. प्रत्येकाचे तीन सेट, सेटला 8 ते 12 रेप्स. अजून दोन निघाल्या असत्या असं वाटेल तिथं थांब. तिन्ही सेटमध्ये 12 निघाल्या की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढव. रेप्स नऊ-दहावर येतील, पुन्हा 12 पर्यंत ने. सगळी विद्या ती एवढीच. गुडघे आत वळले किंवा डेडलिफ्टला पाठीला बाक आला, तर ती रेप वहीत धरायची नाही.

आमच्या तालमीतल्या जोर-बैठकांना मी नावं ठेवणार नाही. पण बैठका पन्नासाच्या दोनशे केल्या की मुख्यतः दम वाढतो. मांडी भरायची तर खांद्यावरचं वजनच वाढवत न्यावं लागतं.

आता जेवण. तुझं वजन 54 किलो. किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं धर, म्हणजे दिवसाला 85 ग्रॅमच्या आसपास. मेसच्या दोन वेळच्या सहा पोळ्या, भात, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी मिळून 40 ग्रॅम निघाली तरी पुष्कळ. उरलेल्या 45 ची सोय तुझी तू कर. तीन उकडलेल्या अंड्यांतून 18, अर्ध्या लिटर दुधातून 16 आणि 50 ग्रॅम शेंगदाण्यांतून किंवा फुटाण्यांतून दहा-बारा. झाला हिशेब! अंडी चालत नाहीत त्या दिवशी 35 ग्रॅम सोया चंक्स भिजवून, पिळून भाजीत घाल. तेवढ्यातच 18 ग्रॅम मिळतात. संकष्टीला मात्र नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नकोस. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. जोडीला दूध-दही घे.

पोळी-भात सोडायचं खूळ तुझ्यासारख्या किडकिडीत पोरानं डोक्यात घेऊच नये. रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन कर. महिन्याला एखादा किलो वाढला तर गाडी रुळावर आहे. दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही, तर रोज एक पोळी जास्त खा आणि भातावर तूप घे.

पावडरीचं म्हणशील, तर व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन. सोयीचं आहे, जादूचं नाही. दूध-अंडी परवडतात तोवर नडत नाही. मात्र कुणी इंजेक्शनचं नाव काढलं तर तिथूनच मागे फिर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं आणि हृदयावर परिणाम होतो तो वेगळाच.

रात्री मोबाइल बाजूला ठेवून सात-आठ तास झोप. झीज भरून निघते ती विश्रांतीत. परीक्षेच्या दिवसांत तीनऐवजी एक-दोनच दिवस जमले तरी चालेल, कमावलेलं टिकवायला तेवढं पुरतं. पण पार बंद करू नकोस.

मेसच्या तक्रारी सांगून ताईला घोर लावू नकोस. अंडी-दुधाचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन. ते पिझ्झ्यात जाणार नाहीत एवढं बघ.

तुझा,
मामा